बोलणारे माणूस हवे

तान्ह्या मुलाला काय कळते, हे वाक्य आपल्याकडे प्रश्न म्हणून क्वचितच विचारले जाते. बहुधा ते निकाल म्हणून ऐकविले जाते. बाळाला दूध वेळेवर मिळावे, लस टोचली जावी, त्याचे वजन वाढावे आणि त्याने रडून घर डोक्यावर घेऊ नये, एवढे साधले की पहिल्या वर्षाचे कर्तव्य पार पडले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. शिक्षण मग बालवाडीत सुरू होते, खरे शिक्षण पहिलीत आणि चिंता करण्याजोगे शिक्षण दहावीत. गेल्या अर्धशतकात अर्भकांच्या मेंदूविषयी जे संशोधन प्रसिद्ध झाले, त्याने ही उतरंड पुरती उलटी करून ठेविली आहे. चालता न येणारे, एकही शब्द न बोलणारे मूल पाळण्यात पडल्या पडल्या जो अभ्यास करीत असते, तितका कठीण अभ्यास पुढे बहुतेक माणसांच्या वाट्याला पुन्हा येत नाही. तो अभ्यास भाषेचा असतो. आणि त्याला लागणारे एकमेव साधन बाजारात मिळत नाही.

या विषयात ज्यांचे नाव आदराने घेतले जाते, त्यांत अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या पॅट्रिशिया कूल या अग्रणी आहेत. अँड्र्यू मेल्ट्झॉफ या मानसशास्त्रज्ञांसमवेत त्यांनी तेथे शिक्षण आणि मेंदू यांच्या अभ्यासाची संस्था नावारूपास आणली. त्यांचे काम समजून घ्यावयाचे, तर थोडे मागे जावे लागेल. १९७१ साली पीटर आयमास व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखविले, की एक आणि चार महिन्यांच्या बालकांना ‘बा’ व ‘पा’ या ध्वनींतील भेद कळतो. ज्याला बोलता येत नाही त्याला भेद कळतो हे ओळखावयाचे कसे? युक्ती साधी होती. बाळाच्या तोंडात चोखणी द्यावयाची आणि एकच ध्वनी पुन:पुन्हा ऐकवावयाचा. बाळ कंटाळले की चोखणे मंदावते. ध्वनी बदलला आणि बाळाला तो बदल जाणवला, की चोखण्याचा वेग पुन्हा वाढतो. या शोधाने अनेकांना वाटले, की भाषेचे देणे माणूस जन्मत:च घेऊन येतो. परंतु १९७५ साली श्रीमती कूल आणि जेम्स मिलर यांनी ‘दा’ व ‘ता’ या ध्वनींचा तसलाच प्रयोग चिंचिला या दक्षिण अमेरिकेतील मऊ केसांच्या, उंदराच्या जातकुळीतील प्राण्यावर केला, आणि त्या प्राण्याच्या कानानेही या ध्वनींमधील सीमारेषा जवळपास माणसाप्रमाणेच आखली! म्हणजे ध्वनी वेगळे ओळखणे एवढेच माणसाचे वैशिष्ट्य नव्हे. माणसाचे वैशिष्ट्य त्यापुढे काय होते, यात आहे.

त्यापुढे काय होते, याचा पुरावा आपल्याच वर्णमालेतील एका जोडीने दिला आहे. कॅनडातील जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ हे ध्वनी वापरले. दंत्य आणि मूर्धन्य हा भेद आपल्या इतका अंगवळणी पडलेला आहे की त्यात काही अवघड आहे, असे आपणांस वाटतच नाही. ‘वात’ आणि ‘वाट’ यांत गोंधळ करणारा मराठी माणूस सापडावयाचा नाही. इंग्रजी बोलणाऱ्या प्रौढ माणसाला मात्र हे दोन ध्वनी एकच वाटतात. वर्कर यांनी विचारले, की इंग्रजी घरातील बालकांचे काय? बाळ आईच्या मांडीवर बसविलेले असे. एक ध्वनी सारखा ऐकू येई. तो बदलला आणि बाळाने मान वळविली, की शेजारच्या पेटीतील खेळण्यातला प्राणी दिव्याच्या उजेडात नाचू लागे. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक इंग्रजी बालकांना ‘त’ आणि ‘ट’ वेगळे ओळखता आले. दहा ते बारा महिन्यांच्या वयात ते जेमतेम काहींनाच साधले. त्याच वयाच्या, हिंदी बोलणाऱ्या घरांतील बालकांची जाण मात्र शाबूत होती. ज्या ध्वनिभेदाचा घरात उपयोग नाही, तो चारसहा महिन्यांत हातचा जाऊ लागतो, असा याचा अर्थ.

श्रीमती कूल यांनी या धाग्याचा माग घेतला. १९९२ साली अमेरिका आणि स्वीडन येथील बालकांवर केलेल्या त्यांच्या अभ्यासातून असे दिसले, की स्वरांच्या बाबतीत मायबोलीचा ठसा सहाव्या महिन्यातच उमटलेला असतो. शब्दांचा अर्थ कळण्याच्या पुष्कळ आधी ध्वनींचे वळण पडून जाते. २००६ साली त्यांनी आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी इंग्रजी ‘र’ आणि ‘ल’ यांचा प्रयोग प्रसिद्ध केला. जपानी भाषेत हा भेद अर्थ बदलणारा नाही. सहा ते आठ महिन्यांच्या वयात अमेरिकन आणि जपानी बालके या परीक्षेत सारखीच उतरली. दहा ते बारा महिन्यांत अमेरिकन बालके पुढे सरकली होती आणि जपानी मागे आली होती. सहा महिन्यांचे मूल, श्रीमती कूल यांच्या आवडत्या शब्दांत सांगावयाचे तर, साऱ्या जगाचे नागरिक असते. वर्ष भरते न भरते तो ते एका घराचे, एका भाषेचे होऊन जाते.

ही काही शोक करण्याजोगी हानी नव्हे. जो सर्वच वाटांनी चालू पाहतो तो कोठेच पोहोचत नाही. बाळाचा मेंदू निरुपयोगी भेदांकडे दुर्लक्ष करावयास शिकतो, म्हणून तर उपयोगी भेद तो विजेच्या वेगाने पकडू शकतो. आपण इंग्रजीतील दोन वेगळ्या ‘व’कारांना एकच समजतो, तो आपल्या कानांचा दोष नव्हे, मराठीत पारंगत होण्यासाठी आपण पाळण्यातच मोजलेली ती किंमत आहे.

आता प्रश्न असा, की मूल हे सर्व कशाच्या बळावर शिकते? कोणी त्याला स्वर-व्यंजने पढवीत नाही. एक उत्तर असे, की ते ऐकलेल्या ध्वनींची जणू शिरगणती करीत असते. कोणते ध्वनी वारंवार येतात, कोणते एकमेकांना लागून येतात, याचा हिशेब त्याच्या मेंदूत नकळत जमा होत राहतो. आणि या हिशेबाला मोठी माणसे नकळत हातभार लावतात. १९९७ साली अमेरिका, रशिया व स्वीडन या तीन देशांतील मातांचे बोलणे तपासून श्रीमती कूल व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की तान्ह्या मुलाशी बोलताना आईचा आवाज चढतो आणि लयदार होतो, गती मंदावते, आणि मुख्य म्हणजे स्वर ताणले जाऊन एकमेकांपासून अधिक स्पष्टपणे वेगळे पडतात. लाडिक वाटणारे हे बोलणे म्हणजे वस्तुत: उच्चारांचा उत्तम पाठ होय. येथे एक भेद ध्यानी घ्यावयास हवा. शब्दांची मोडतोड करून बोबडे बोलणे वेगळे, आणि पूर्ण, शुद्ध शब्द सावकाश, हेल काढून, बाळाच्या डोळ्यांत पाहत बोलणे वेगळे. मोल आहे ते दुसऱ्याला. आपल्या आज्या-पणज्यांना हे शास्त्र कोणी शिकविले नव्हते; अंगाई गाताना, न्हाऊमाखू घालताना त्या ते आचरीत होत्या.

परंतु या साऱ्या संशोधनाचा कळस ज्याला म्हणता येईल, असा प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला. श्रीमती कूल, फेंग-मिंग त्साओ आणि हुएई-मेई लिऊ यांनी नऊ महिन्यांची अमेरिकन बालके घेतली. त्यांच्या घरी चिनी भाषेचा गंधही नव्हता. सुमारे चार आठवड्यांत बारा बैठका, प्रत्येक बैठक पंचवीस मिनिटांची, अशा हिशेबाने चिनी मातृभाषा असणाऱ्या व्यक्ती या मुलांसमोर बसल्या, त्यांच्याशी खेळल्या, त्यांना चित्रांची पुस्तके वाचून दाखविली. एकंदर वेळ फक्त पाच तासांचा. त्यानंतर आपल्या ‘छि’ आणि ‘शि’ यांच्या जवळपास जाणाऱ्या दोन चिनी ध्वनींची परीक्षा घेतली, तेव्हा ही अमेरिकन बालके तैवानमध्ये जन्मापासून चिनी ऐकत आलेल्या बालकांच्या तोडीस तोड ठरली. ज्यांना तशाच बैठकांत केवळ इंग्रजी ऐकविले होते, ती मागे राहिली. येथपर्यंत कौतुकाचा भाग झाला. धडा पुढे आहे. दुसऱ्या काही बालकांना त्याच व्यक्ती, तेच खेळ, तीच पुस्तके, तितकाच वेळ, परंतु पडद्यावर दाखविण्यात आली. आणखी काहींना केवळ आवाज ऐकविण्यात आला. ही बालके काय शिकली? काहीही नाही. चिनीचा एक शब्दही कधी कानी न पडलेल्या बालकांत आणि त्यांच्यात काही फरक आढळला नाही.

ध्वनी तेच, चेहरे तेच. उणे होते ते समोरचे जिवंत माणूस. नुसती शिरगणती करून मूल शिकत असते, तर पडद्यावरूनही ते शिकावयास हवे होते. श्रीमती कूल यांनी यावरून असा सिद्धान्त मांडला, की बाळाच्या मेंदूतील शिकण्याचे दार माणसाच्या सहवासाने उघडते. पुढील काही प्रयोगांनी या म्हणण्यास बळकटी आली. स्पॅनिश ऐकविलेल्या बालकांपैकी जी मुले बोलणाऱ्या व्यक्तीच्या चेहऱ्याकडे आणि तिच्या हातातील वस्तूकडे आळीपाळीने अधिक पाहत होती, त्यांच्या मेंदूत त्या भाषेची खूण अधिक स्पष्ट उमटली, असे २०१५ सालच्या एका अभ्यासात दिसले. त्याआधी, २०१४ साली, मेंदूतील अतिसूक्ष्म चुंबकीय बदल टिपणाऱ्या यंत्राखाली बालकांना बसवून असे आढळले, की बोलणे ऐकत असताना सातव्या महिन्यातच त्यांच्या मेंदूतील, उच्चारासाठी जीभ-ओठ हलविण्याची जुळवाजुळव करणारे भाग जागे होतात. मूल मुकाट्याने ऐकत असते तेव्हाही ते उत्तराची तालीम करीत असते. ज्याला उत्तर द्यावयाचे, असे कोणी समोर असावे लागते.

हे वाचताना आपल्या घराघरांत आज दिसणारे दृश्य डोळ्यांसमोर येणे अपरिहार्य आहे. बाळ जेवत नाही, लावा मोबाइल. रडते, दाखवा मोबाइल. पाहुणे आले, द्या हाती मोबाइल. त्यावरील गाणी इंग्रजी असली तर पालकांना शिक्षणाचेही समाधान. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली एक वर्षाखालील बालकांना पडदा मुळीच दाखवू नये, असे सुचविले. भारतातील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ साली दोन वर्षांखालील मुलांबाबत तोच सल्ला दिला. दूरच्या नातलगांशी अधूनमधून होणारा चित्रसंवाद एवढाच त्याला अपवाद. पडदा पाहून मूल बिघडते की नाही, या वादात तूर्त शिरावयाचे कारण नाही. तो पाहताना जो वेळ जातो त्यात कोणी त्याच्याशी बोललेले नसते, एवढे सत्य पुरेसे आहे.

तथापि, येथेच थांबून आयांना चार खडे बोल सुनाविणे ही या विषयातील सर्वांत सोपी आणि सर्वांत अन्यायकारक गोष्ट ठरेल. बाळाच्या हाती मोबाइल देणारी आई बहुधा त्याच वेळी चुलीपाशी उभी असते, किंवा कचेरीचे उरलेले काम करीत असते. एकत्र कुटुंबात आजी, आत्या, काकी, शेजारीण अशा चारपाच तोंडांतून जे बोलणे बाळाच्या कानी पडत होते, ते सर्व आज एका थकलेल्या जिवाने एकटीने पुरवावे, अशी अपेक्षा करावयाची आणि ती पुरी झाली नाही की दोष द्यावयाचा, हे शास्त्र नव्हे. आणि हे झाले मध्यमवर्गाचे. दिवाळीच्या सुमारास घर सोडून कारखान्याच्या वाटेला लागणाऱ्या ऊसतोड कुटुंबाचे तान्हे मूल फडाच्या कडेला झोळीत असते. इमारतीच्या बांधकामावर विटा वाहणाऱ्या बाईचे मूल वाळूच्या ढिगाशेजारी असते. त्या आयांना आपल्या मुलांशी बोलावयाचे नसते काय? त्यांच्यापाशी शब्दांची वाण नाही. वाण आहे ती निवांत वेळाची. मुलाशी बोलणे फुकट असते असे म्हणतात, परंतु ज्या वेळात ते बोलणे होते तो वेळ फुकट नसतो.

या संशोधनाची मर्यादाही सांगितली पाहिजे, कारण मेंदूचे नाव घेऊन वाटेल ते विकण्याची प्रवृत्ती नवी नाही. १९९८ साली अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बालकाच्या घरी अभिजात संगीताची तबकडी पाठविण्यासाठी सरकारी पैसा मागितला होता. संगीत ऐकून बाळाची बुद्धी वाढते, असा त्यामागे समज होता आणि त्याला अर्भकांवरील संशोधनाचा आधार नव्हता. पहिल्या तीन वर्षांत जे हुकले ते कायमचे हुकले, या प्रचाराला जॉन ब्रुअर यांनी १९९९ साली एक संपूर्ण पुस्तक लिहून उत्तर दिले. ते उत्तर रास्त होते. मेंदू आयुष्यभर शिकतो. प्रौढपणी भाषा शिकलेल्यांची उदाहरणे आपल्या अवतीभवती आहेत. शिवाय श्रीमती कूल यांचे प्रयोग थोड्या बालकांवर झालेले आहेत. २००३ च्या चिनी प्रयोगाच्या पहिल्या भागात अवघी बत्तीस मुले होती, आणि तीही एका सुखवस्तू देशातील एका शहरातील. बोलिव्हियातील चिमाने नावाच्या आदिवासी समाजात मोठी माणसे तान्ह्या मुलांना उद्देशून फारच थोडे बोलतात, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. तरी तेथील मुले आपली भाषा शिकतातच. तेव्हा रोज इतके शब्द बोलले नाहीत तर मूल वाया जाईल, असा धाक कोणी घालू नये. पण या साऱ्या मर्यादा मान्य करूनही मुख्य मुद्दा ढळत नाही. चिमाने मुले पडद्याच्या सोबतीने वाढत नाहीत. ती माणसांच्या गराड्यात वाढतात.

आपल्या शिक्षकवर्गाने आणि सुशिक्षित पालकांनी या संशोधनातून आणखी एक गोष्ट घेण्याजोगी आहे. इंग्रजी शाळेत मूल मागे पडू नये म्हणून पाळण्यातील मुलाशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलण्याची लाट आज खेड्यापर्यंत पोहोचली आहे. दोन भाषा एकदम ऐकल्याने बाळ गोंधळते, असे श्रीमती कूल यांचे संशोधन म्हणत नाही. उलट इंग्रजी व स्पॅनिश या दोन्ही भाषा घरात ऐकणाऱ्या अकरा महिन्यांच्या बालकांचे मेंदू दोन्हींच्या ध्वनींना प्रतिसाद देतात, असे त्यांच्याच संस्थेतील २०१७ च्या अभ्यासात दिसले. परंतु त्या घरांत दोन्ही भाषा सहजपणे नांदत असतात. आडातच नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? ज्या आईला इंग्रजीत दहा वाक्ये येतात ती दिवसभर त्या दहा वाक्यांतच बोलणार, आणि मराठीतले, अहिराणीतले, मालवणीतले किंवा गोंडीतले आपले अपार धन बाळापासून लपवून ठेवणार. बाळाला हवा असतो तो बोलण्याचा ओघ, त्यातील माया आणि उत्तराची वाट पाहणारा चेहरा. ते ज्या भाषेत आईजवळ भरपूर आहे ती त्या घरासाठी सर्वांत मोलाची भाषा. बालवाडीच्या आणि पहिलीच्या शिक्षकांनी घरी बोलीभाषा बोलणाऱ्या पालकांना ती सोडावयास सांगण्यापूर्वी या गोष्टीचा विचार करावा.

आता सार्वजनिक जबाबदारीकडे वळू. लहान मुलांच्या शिक्षणाची चाड महाराष्ट्राला आज आलेली नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे अनुताई वाघ यांच्या साथीने कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत काम उभारले. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, या त्यांच्या विचारातून जे रूप आकारास आले ते अंगणवाडीचे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तिचा कणा या अंगणवाड्याच आहेत, आणि आज देशात त्यांची संख्या १४ लाखांच्या घरात आहे. परंतु या योजनेत तीन ते सहा वर्षांचे मूल अंगणवाडीत येऊन बसते, गाणी म्हणते. तीन वर्षांखालील मुलाच्या वाट्याला प्रामुख्याने वजनाची नोंद आणि घरपोच आहाराचे पाकीट येते. ज्या वयात मेंदू भाषेसाठी सर्वाधिक भुकेला असतो, त्या वयाच्या मुलाची पोटाची भूकच तेवढी सरकारी कागदावर उमटते.

हे सरकारच्या ध्यानी आलेलेच नाही, असे नव्हे. २०१८ साली आखलेल्या योजनेनुसार आशा कार्यकर्तीने तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात बाळाच्या घरी जावयाचे असते. हे महिने पाहिले म्हणजे जणू श्रीमती कूल यांचे निष्कर्ष समोर ठेवूनच ते ठरविले असावेत, असे वाटते. २०२४ साली केंद्राने जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ‘नवचेतना’ नावाचा आराखडाही प्रसिद्ध केला. बाळाशी बोलावे कसे, खेळावे कसे, हे त्यात सांगितले आहे. कागद उत्तम आहेत. प्रश्न आहे तो ते कागद घरापर्यंत नेणाऱ्या बाईचा. अंगणवाडी सेविकेला सरकार कर्मचारी मानीत नाही. तिला वेतन नव्हे, मानधन मिळते. उपदानाचा तिचा हक्क मान्य होण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले आणि तो निकाल एप्रिल २०२२ मध्ये लागला. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातील सेविका संपावर गेल्या, तो संप जानेवारी २०२४ पर्यंत लांबला. २०२१ पासून ‘पोषण ट्रॅकर’ या प्रणालीत मोबाइलवरून नोंदी करण्याचे काम त्यांच्या मागे लागले आहे. जिने आयांना सांगावयाचे, की बाई, मोबाइल बाजूला ठेव आणि बाळाकडे पाहून बोल, तिचीच नजर आपण पडद्याला जखडून टाकावी, यातील विसंगती कोणाला बोचू नये काय?

प्रसूतिरजेचीही कथा अशीच अर्धी आहे. २०१७ च्या दुरुस्तीने ती १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली आणि ५० किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघर बंधनकारक झाले, हे स्वागतार्हच होते. पण २६ आठवडे म्हणजे सहा महिने. त्यानंतरचे सहा महिने, ज्यांत ‘त’ आणि ‘ट’चा निवाडा होतो, मूल कोणाच्या तरी स्वाधीन करावे लागते. आणि शेतात, फडात, बांधकामावर, परक्याच्या घरी भांडी घासावयास जाणाऱ्या बहुसंख्य स्त्रियांना तर या सहा महिन्यांचाही लाभ नाही. त्यांच्यासाठी २०१७ पासून पहिल्या अपत्यापोटी ५,००० रुपयांची मदत आहे. तेवढ्या पैशांत किती दिवसांची मजुरी बुडविता येते, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

श्रीमती कूल आणि नाजा फेरहान रामिरेझ यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात काही पालकांना त्यांच्या घरातील बोलण्याची नोंद ऐकवून, बाळाशी संवाद कसा वाढवावा याचे मार्गदर्शन केले. ते मिळाले फक्त तीन वेळा: बाळाच्या सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या महिन्यात. अठराव्या महिन्यापर्यंत त्या घरांतील मुलांशी होणारी देवाणघेवाण वाढलेली होती आणि त्यांची शब्दसंपत्ती मार्गदर्शन न मिळालेल्या मुलांपेक्षा सरस होती. यास लागले ते यंत्र थोडे, माणूस पुष्कळ. आणि ते माणूस जाणते, विश्वासातले, वेळ घेऊन बसणारे असावे लागले. आपल्याकडे हे काम करावयास आशा आणि सेविका गावोगाव हजर आहेत. त्यांच्या वह्या आणि मोबाइलच्या नोंदी निम्म्यावर आणा, त्यांचे प्रशिक्षण एका दिवसाच्या व्याख्यानात न उरकता नीट करा, त्यांना कर्मचाऱ्याचा दर्जा आणि वेतन द्या. साखर कारखान्यांच्या आणि बांधकामांच्या आवारात पाळणाघरे चालतात की नाही हे कागदावर नव्हे, प्रत्यक्ष जाऊन पाहा. जन्मल्यावर पहिल्या महिन्यातच प्रत्येक बाळाची श्रवणचाचणी व्हावयास हवी, कारण ज्याला ऐकू येत नाही त्याचे हे मोलाचे वर्ष कोणाच्या ध्यानीही न येता निघून जाते आणि मग दोन वर्षांनी ‘अजून बोलत कसे नाही’ म्हणून धावाधाव होते. वेळीच कळले तर त्याला श्रवणयंत्र देता येते, खुणांची भाषा देता येते. बाळाच्या मेंदूला भाषा हवी असते, मग ती कानांनी येवो अथवा डोळ्यांनी.

यांपैकी एकाही गोष्टीला नव्या शोधाची वाट पाहावयाची गरज नाही. एक माणूस दुसऱ्या लहान माणसासमोर बसून बोलते आहे आणि उत्तरासाठी थांबते आहे, एवढ्या साध्या घटनेतून भाषा निर्माण होते, हे प्रयोगशाळेने आता सिद्ध केले आहे. त्या मोठ्या माणसाला तेथे बसावयास सवड, पोटाला अन्न आणि पाठीशी आधार देणे हे काम मात्र प्रयोगशाळेचे नव्हे. ते विधिमंडळाचे, अर्थखात्याचे आणि त्यांना निवडून देणाऱ्या तुमचे-आमचे आहे. पुढील अर्थसंकल्प मांडला जाईल तेव्हा रस्ते आणि धरणे यांच्या आकड्यांशेजारी अंगणवाडी सेविकेच्या मानधनाचा आकडा आपण शोधून वाचला, आणि तो वाचून आपल्या प्रतिनिधीला दोन शब्द विचारले, तरी सुरुवात झाली असे म्हणता येईल.